नॅनोपदार्थांनी घातक जिवाणू ओळखणे आणि मारणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञान शाखेचे विद्यार्थी, रुग्णालयांतील परिचारिका, पाण्याचा फिल्टर घेऊ पाहणारी कुटुंबे आणि ‘कोलायडल सिल्व्हर’च्या, म्हणजे चांदीचे सूक्ष्म कण असलेल्या द्रवाच्या, जाहिराती पाहून संभ्रमात पडलेले वाचक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक असून पुढचे अधिक अवघड आहेत. पुनरुक्ती टाळण्यासाठी उत्तरांत इतर प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत. भर सोने आणि चांदी यांवर आहे, कारण या क्षेत्रात प्रयोगशाळेबाहेर पडून वापरात आलेल्या गोष्टींमध्ये या दोन धातूंचा वाटा मोठा आहे.

१. नॅनोपदार्थ नक्की कशाला म्हणायचे, आणि जिवाणूच्या तुलनेत ते केवढे असतात?

मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. ज्या पदार्थाची निदान एक मिती साधारण १ ते १०० नॅनोमीटरच्या दरम्यान असते, त्याला नॅनोपदार्थ म्हणण्याची प्रथा आहे. ई. कोलाय हा दंडाकृती जिवाणू सुमारे १,००० ते २,००० नॅनोमीटर लांब असतो, तर फोड आणि जखमांतील पू यांसाठी कुप्रसिद्ध असलेला स्टॅफिलोकॉकस ऑरियस सुमारे १,००० नॅनोमीटर व्यासाचा गोल असतो. स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे जाड भित्तीच्या, जिवाणूंची पेशीभित्तीच २० ते ८० नॅनोमीटर जाड असते. म्हणजे १० नॅनोमीटरचा चांदीचा कण अशा जिवाणूच्या भिंतीच्या जाडीपेक्षाही लहान असतो.

२. धातू तोच असताना केवळ आकार लहान केल्याने त्याचे गुणधर्म कसे बदलतात?

याची दोन कारणे आहेत. पहिले कारण पृष्ठभागाचे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर वस्तुमान तेवढेच राहून एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होते. चांदीचा परिणाम तिच्या पृष्ठभागावरून सुटणाऱ्या आयनांमुळे, म्हणजे विद्युतभारित अणूंमुळे, होत असल्याने (प्रश्न ८ पाहा) हा फरक निर्णायक ठरतो.

दुसरे कारण प्रकाशाशी असलेल्या नात्याचे. सोन्याच्या नॅनोकणांतील मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विशिष्ट तरंगलांबीला एकत्रितपणे प्रतिसाद देतात. विखुरलेले लहान गोल कण सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश जास्त शोषतात, म्हणून त्यांचे द्रावण पिवळे न दिसता माणकासारखे लाल दिसते. तेच कण एकमेकांना चिकटले की रंग जांभळ्या-निळ्याकडे झुकतो. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये अशा लाल द्रावणाचा अभ्यास करून त्याचा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो असे प्रतिपादन केले होते.

३. सोन्याचा कण जिवाणू ‘ओळखतो’ असे म्हणतात. निर्जीव कणाला जिवाणू कसा कळतो?

कणाला काहीच कळत नाही. ओळखण्याचे काम कणावर बसवलेल्या जैविक रेणूचे असते. हा रेणू बहुधा प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक लक्ष्यालाच चिकटणारे प्रथिन, असतो. कधी विशिष्ट घडी घेणारा डीएनएचा तुकडा असतो, तर कधी जिवाणूवर जगणाऱ्या विषाणूचे, म्हणजे फेजचे, प्रथिन असते. कण केवळ कंदील धरतो, शोधणारा वेगळाच असतो.

पट्टीवरच्या चाचणीत हे सहज पाहता येते. नमुन्याचे थेंब पट्टीच्या एका टोकाला टाकले की ते केशाकर्षणाने पुढे सरकतात आणि वाटेत वाळवून ठेवलेल्या सोन्याच्या कणांना सोबत घेतात. अपेक्षित जिवाणू किंवा त्याचे प्रथिन नमुन्यात असेल, तर कणांवरचे प्रतिपिंड त्याला पकडतात. पट्टीवर आडव्या रेषेत पक्के बसवलेले दुसरे प्रतिपिंड त्याच प्रथिनाला दुसऱ्या बाजूने धरतात. रेषेपाशी हजारो कण साचले की ती डोळ्यांना लाल दिसते. पुढची कंट्रोल रेषा द्रव शेवटपर्यंत पोहोचला आणि कण कार्यक्षम आहेत एवढेच सांगते. ती उमटली नाही, तर चाचणी बाद समजावी. घरगुती गर्भधारणा चाचणी आणि कोविडची जलद अँटिजेन चाचणी यांच्यामागे हीच रचना आहे.

म्हणून कोणत्याही नव्या ‘नॅनोसेन्सर’ची बातमी वाचताना पहिला प्रश्न असा विचारावा की त्यातील ओळखणारा रेणू कोणता आहे. चाचणीने भलताच जिवाणू पकडला, तर त्याचे मूळ बहुतेक वेळा त्या रेणूत असते.

४. मग गर्भधारणेच्या पट्टीसारखी पट्टी वापरून रक्तातला जंतुसंसर्ग घरीच का ओळखता येत नाही?

यामागे संख्येचे साधे गणित आहे. गर्भधारणेत लघवीतील संप्रेरकाचे रेणू प्रत्येक थेंबात अब्जावधींच्या संख्येने असतात. प्रौढ रुग्णाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरलेला असतानाही एका मिलिलिटरमध्ये अनेकदा दहापेक्षा कमी जिवंत जिवाणू सापडतात. समजा, ते पाच आहेत. पट्टीवर आपण सुमारे दशांश मिलिलिटर नमुना टाकतो, म्हणजे त्या थेंबात सरासरी अर्धा जिवाणू येईल. जो थेंबात उतरलाच नाही, तो कोणत्याही कणाला दाखवता येणार नाही. याउलट, संपूर्ण जिवाणू शोधणाऱ्या साध्या सोन्याच्या पट्टीला साधारणपणे एका मिलिलिटरमध्ये दहा हजार ते दहा लाख जिवाणू लागतात.

ही दरी बुजवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे जिवाणूंना पोषक द्रवात काही तास वाढू देऊन मग चाचणी करणे. दुसरा मार्ग चुंबकीय कणांचा. लोहाच्या ऑक्साइडच्या कणांवर प्रतिपिंड बसवून ते मोठ्या आकारमानाच्या नमुन्यात मिसळायचे आणि बाहेरून चुंबक लावून पकडलेले जिवाणू अगदी थोड्या द्रवात गोळा करायचे. तिसरा मार्ग संकेत वाढवण्याचा. सोन्याच्या कणावर चांदीचा थर चढवला की तो अनेक पटींनी मोठा होतो आणि फिकी रेषा गडद होते. छायाचित्रणाच्या फिल्मवरील हे जुने रसायन जपानच्या फुजीफिल्मने क्षयरोगाच्या मूत्रचाचणीत वापरले आहे. या चाचणीत अख्खा जिवाणू न शोधता त्याच्या भित्तीतून सुटलेला लायपोअरॅबिनोमॅनन हा घटक शोधतात. माझ्या मते यातली युक्ती कणापेक्षा लक्ष्य निवडण्यात अधिक आहे. जिवाणू मोजके असले, तरी त्यांचे सुटे झालेले तुकडे पुष्कळ असू शकतात.

५. रुग्णालयात वापरण्याजोगी, नॅनोकणांवर चालणारी रक्ताची चाचणी आज अस्तित्वात आहे का?

आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये व्हेरिजीन या यंत्रणेवरील एका चाचणीला मान्यता दिली. ब्लड कल्चरच्या, म्हणजे रुग्णाचे रक्त पोषक द्रवात ठेवून जिवाणू वाढवण्याच्या, बाटलीत जिवाणू वाढल्याचा इशारा मिळाला की त्यातील ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू कोणता आहे आणि त्याच्यात औषधरोधाची काही ठरावीक जनुके आहेत का, हे ती चाचणी सुमारे अडीच तासांत सांगते. तिच्यात डीएनएचे तुकडे बसवलेले सोन्याचे नॅनोकण वापरतात आणि संकेत चांदीने वाढवतात. अर्थात बाटलीत जिवाणू वाढण्यासाठी लागणारा काळ त्याआधी जातोच.

२०१८ मध्ये त्याच प्रशासनाने मान्य केलेली टी-टू-बॅक्टेरिया ही चाचणी तो टप्पाही गाळते. रक्तातूनच जिवाणूंचा डीएनए वाढवून त्याला चुंबकीय नॅनोकण चिकटवले जातात. कण एकत्र येऊन गुच्छ झाला की आसपासच्या पाण्याच्या रेणूंच्या चुंबकीय वर्तनात बदल होतो आणि तो यंत्र मोजते. मान्यतेच्या वेळी ही चाचणी ई. कोलाय, क्लेब्सिएला न्यूमोनिए, स्यूडोमोनास एरुजिनोसा, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि एंटेरोकॉकस फिशियम हे पाच जिवाणू ओळखत होती, आणि निकालाला तीन ते पाच तास लागत.

हे तास महत्त्वाचे आहेत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सेप्टिक शॉकमधील, म्हणजे जंतुसंसर्गाने अत्यवस्थ झालेल्या, रुग्णाचा रक्तदाब घसरल्यानंतर योग्य प्रतिजैविक सुरू होण्यास लागलेल्या प्रत्येक तासाच्या विलंबामागे जगण्याचे प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले होते.

६. अशी चाचणी आली म्हणजे ब्लड कल्चरची गरज संपली का? आणि मेलेले जिवाणू तिला वेगळे ओळखता येतात का?

दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. डीएनए किंवा प्रथिन शोधणारी चाचणी जिवाणू जिवंत आहे की मृत हे सहसा सांगू शकत नाही. प्रतिजैविक सुरू झाल्यावर मेलेल्या जिवाणूंचे अवशेष रक्तात काही काळ राहू शकतात आणि चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. शिवाय चाचणीच्या यादीत नसलेला जिवाणू तिला दिसत नाही, आणि कोणते औषध किती मात्रेत लागू पडेल हे पाहण्यासाठी जिवंत जिवाणू हातात असावा लागतो. म्हणून या चाचण्या कल्चरच्या जोडीने करतात. नॅनोचाचणी निगेटिव्ह आली एवढ्या एका कारणावरून उपचार थांबवण्याचा निर्णय डॉक्टर घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

७. दूध, मांस किंवा भाजीपाला यांसाठी हे तंत्र कितपत उपयोगी आहे?

उपयोगी आहे, पण अन्नाचे नमुने रक्ताइतकेच अवघड असतात. साल्मोनेलासाठीचा निकष अनेक खाद्यपदार्थांत ‘२५ ग्रॅममध्ये एकही नको’ असा असतो. त्यामुळे नमुना आधी पोषक द्रवात वाढवावा लागतो आणि मगच पट्टी किंवा चुंबकीय कण वापरता येतात. त्यात दुधातील स्निग्धांश आणि केसीन कणांवर चिकटून प्रतिपिंड झाकून टाकतात. शुद्ध पाण्यात उत्तम चाललेली चाचणी दुधात निकामी ठरण्याचे हे नेहमीचे कारण आहे. चाचणी कोणत्या नमुन्यात तपासली होती, हे म्हणूनच विचारावे.

८. चांदीचे नॅनोकण जिवाणूला नेमके मारतात कसे?

या प्रश्नावर बराच काळ वाद होता. कण स्वतः जिवाणूच्या पटलाला भोके पाडतो, की त्यापासून सुटणारे चांदीचे आयन मारतात? अमेरिकेतील राइस विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये एक नेमका प्रयोग केला. चांदीपासून आयन सुटण्यासाठी ऑक्सिजन लागतो, म्हणून त्यांनी कण ऑक्सिजनविरहित वातावरणात तयार करून तिथेच ई. कोलायवर तपासले. आयन सुटू शकले नाहीत तेव्हा कणांचा मारक परिणामही दिसला नाही. यावरून मुख्य काम आयनांचे असते आणि नॅनोकण हे त्या आयनांचे हळूहळू रिते होणारे भांडार असते, असे मानायला भक्कम आधार मिळाला. कण पेशीला चिकटून बसला, तर आयन नेमके तिथेच सुटतात, हा त्याचा वेगळा फायदा.

आयन पेशीपर्यंत पोहोचला की एकाच वेळी अनेक ठिकाणी आघात होतो. प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना तो घट्ट बांधला जातो आणि श्वसनाची विकरे बंद पडतात. पटलाची गळती सुरू होते. ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार होऊन डीएनए आणि मेद यांना इजा करतात. आघात असा बहुमुखी असल्यामुळे जिवाणूला एखाद्या जनुकातील साध्या बदलाने सुटका करून घेणे कठीण जाते. कठीण जाते, अशक्य नव्हे (प्रश्न १५ पाहा).

या यंत्रणेतून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. आयनांना जो अडवेल, तो चांदीला निकामी करील. पाण्यातील क्लोराइड चांदीच्या आयनांना बांधून चांदीचे क्लोराइड बनवते, गंधकयुक्त संयुगे त्यांना शोषून घेतात आणि रक्तातील प्रथिने कणाभोवती आवरण तयार करतात. त्यामुळे ऊर्ध्वपातित पाण्यात मिळालेला आकडा रक्ताला किंवा सांडपाण्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

९. चांदीखेरीज आणखी कोणते नॅनोपदार्थ जिवाणू मारतात?

तांबे आणि त्याची ऑक्साइडे, तसेच झिंक ऑक्साइड हे आयन व अतिक्रियाशील ऑक्सिजन यांद्वारे काम करतात. टायटॅनियम डायऑक्साइडला प्रकाश लागतो, तोही मुख्यतः अतिनील. जपानमधील फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये या पदार्थावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन दाखवले आणि १९८५ मध्ये मात्सुनागा व सहकाऱ्यांनी त्याच तत्त्वाने सूक्ष्मजीव मारून दाखवले. अंधाऱ्या खोलीतील भिंतीवर लावलेला असा लेप मात्र काहीच करणार नाही.

सर्वांत विलक्षण उदाहरण रसायनाशिवाय मारणाऱ्या पृष्ठभागांचे आहे. सिकाडा या कीटकाच्या पंखावर सुमारे २०० नॅनोमीटर उंचीच्या बारीक खांबांची दाटी असते. त्यावर बसलेल्या स्यूडोमोनास जिवाणूचे पटल खांबांमधल्या जागेत ताणले जाऊन फाटते, असे ऑस्ट्रेलियातील एलेना इव्हानोव्हा आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले. जाड भित्तीच्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंवर हा पंख फारसा चालत नाही. त्यांनीच पुढच्या वर्षी सादर केलेला काळ्या सिलिकॉनचा पृष्ठभाग दोन्ही प्रकारांवर चालला. मेलेल्या पेशींचा थर साचल्यावर खांब झाकले जातात, ही त्याची अडचण आहे.

१०. आपल्याकडे तांब्याच्या हंड्यात पाणी ठेवतात. ते नॅनोतंत्रज्ञानच झाले का?

नाही. हंड्यातील तांबे घन धातूच्या रूपात असते आणि त्यापासून अत्यल्प आयन पाण्यात उतरतात. मारण्याचे काम आयनच करत असल्याने तत्त्व जवळचे आहे, एवढेच. बंगळूरु येथील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले की पटकी, हगवण आणि विषमज्वर यांसारख्या आजारांशी संबंधित जिवाणू मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवल्यावर त्यातील ते जिवाणू उरले नाहीत, आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या बरेच खाली होते. ‘१६ तास’ हा आकडा लक्षात ठेवावा. भांड्यात ओतून तासाभरात प्यायलेल्या पाण्याबद्दल त्या प्रयोगावरून काहीच सांगता येत नाही. घट्ट चुन्याचा थर बसलेल्या किंवा आतून कल्हई केलेल्या भांड्यालाही तो निष्कर्ष लागू होत नाही.

११. पाण्याच्या फिल्टरमध्ये नॅनोचांदी असते असे ऐकतो. त्यामागचे काम कुणाचे, आणि फिल्टर काय करत नाही?

भारतात याची दोन ठळक उदाहरणे आहेत. पहिल्याचा संबंध पुण्याशी आहे. भाताच्या तुसाची राख गाळणीसाठी वापरण्याची कल्पना पुण्याच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये विकसित झाली. त्याच राखेवर चांदीचे नॅनोकण बसवून ‘टाटा स्वच्छ’ हा वीज आणि नळ दोन्ही न लागणारा फिल्टर डिसेंबर २००९ मध्ये हजार रुपयांच्या आतील किमतीत बाजारात आला.

दुसरे काम आयआयटी मद्रासमधील प्राध्यापक टी. प्रदीप यांच्या गटाचे. त्यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या पदार्थात चांदीचे कण अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगाच्या आणि कायटोसनच्या जाळीत अडकवलेले असतात, आणि त्यातून पाण्याच्या प्रत्येक लिटरमागे सुमारे ४० मायक्रोग्रॅम एवढे आयन दीर्घकाळ एकसारखे सुटत राहतात. मला या कामाचे विशेष मोल वाटते, कारण त्यात कठीण भाग ओळखून सोडवला आहे. जिवाणू मारणारी चांदी बनवणे सोपे आहे. पाण्यातील क्षार कणांवर थर चढवत असताना महिनोन्‌महिने ठरावीकच मात्रा सोडणारी चांदी बनवणे अवघड आहे.

हे फिल्टर काय करत नाहीत, तेही स्पष्ट असावे. नॅनोचांदी नायट्रेट किंवा फ्लोराइड काढत नाही. जाड कवचाच्या परजीवी कोशांवर, म्हणजे जिआर्डिया किंवा क्रिप्टोस्पोरिडियमवर, तिचा भरवसा धरता येत नाही. त्यांना गाळूनच अडवावे लागते. गढूळ पाण्यातील सेंद्रिय पदार्थ आयन खाऊन टाकतात. शिवाय आयनांना काम करायला वेळ लागतो, त्यामुळे उत्पादकाने सांगितलेला साठवणुकीचा काळ आणि काडतूस बदलण्याची मुदत पाळली नाही, तर संरक्षण मिळत नाही.

१२. त्या पाण्यातून चांदी पोटात गेली तर अपाय होतो का?

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे १०० मायक्रोग्रॅमपर्यंत चांदी चालते. वर सांगितलेले ४० मायक्रोग्रॅम त्याच्या निम्म्याहून कमी आहेत. त्याच मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय मुळीच सापडता कामा नये. फिल्टर दोन्ही अटी पाळत असला पाहिजे.

१३. भाजलेल्या जखमेवर चांदीची पट्टी लावतात. तिने जखम लवकर भरते का?

चांदीचे क्षार जखमांवर वापरण्याची परंपरा जुनी आहे. १९६० च्या दशकात सिल्व्हर सल्फाडायझिन मलम आले आणि १९९० च्या दशकात नॅनोस्फटिकी चांदीच्या पट्ट्या आल्या. त्यांचा हेतू जखमेतील जिवाणूंची संख्या आटोक्यात ठेवणे हा आहे. जखम लवकर भरणे ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१० मधील आढाव्याने उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा चांदीच्या पट्ट्यांमुळे जखमा लवकर भरतात किंवा संसर्ग टळतो असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. चांदी वाढणाऱ्या त्वचापेशींनाही काही प्रमाणात त्रासदायक असते, म्हणून स्वच्छ, भरत आलेल्या जखमेवर ती उगाच चालू ठेवू नये.

परिचारिकांकडून नेहमी येणारा एक उपप्रश्न येथेच घेतो. नॅनोस्फटिकी पट्टी ओली करताना सलाइन का वापरत नाहीत? कारण सलाइनमधील क्लोराइड चांदीच्या आयनांना बांधून टाकते. निर्जंतुक पाणी वापरावे, अशी सूचना पट्टीसोबत असते.

१४. रोगप्रतिकारशक्तीसाठी ‘कोलायडल सिल्व्हर’ पिणे योग्य आहे का?

नाही, पिऊ नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच जाहीर केले की विनाचिठ्ठी विकल्या जाणाऱ्या कोलायडल सिल्व्हरच्या औषधांना सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाही. पोटात गेलेल्या चांदीला क्लोराइड, प्रथिने आणि गंधक सर्वत्र भेटतात. त्यामुळे संसर्गाच्या जागी पुरेसे मोकळे आयन पोहोचत नाहीत. शरीरात साठलेली चांदी मात्र त्वचेला कायमची निळसर-करडी छटा आणू शकते. या विकाराला अर्जिरिया म्हणतात. काही प्रतिजैविकांचे आणि थायरॉइडच्या औषधाचे शोषणही तिच्यामुळे घटू शकते. फिल्टरमधील मात्रा (प्रश्न १२) आणि बाटलीतून चमच्याने घेतलेली मात्रा यांत मोठा फरक असतो.

१५. जिवाणूंना चांदीची सवय होते का?

होऊ शकते. १९७५ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील भाजलेल्या रुग्णांच्या विभागातून चांदीला आणि काही प्रतिजैविकांनाही दाद न देणाऱ्या साल्मोनेलाची नोंद झाली. तिथे जखमांवर सिल्व्हर नायट्रेट वापरले जात होते. पुढे त्या जिवाणूच्या प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या सुट्या तुकड्यावर, चांदीच्या आयनांना बांधणाऱ्या आणि पंपाने पेशीबाहेर फेकणाऱ्या प्रथिनांची जनुके सापडली. प्लाझ्मिड एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, आणि त्यावर प्रतिजैविकरोधाची जनुकेही शेजारी असू शकतात. म्हणजे चांदीचा बेसुमार वापर प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंनाही अप्रत्यक्षपणे टिकवून धरू शकतो.

दुसरा मार्ग आणखी चकित करणारा आहे. चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की चांदीच्या नॅनोकणांच्या कमी मात्रेत वारंवार वाढवलेले ई. कोलाय आणि स्यूडोमोनास हे फ्लॅजेलिन नावाचे प्रथिन जास्त स्रवू लागतात. हे प्रथिन नॅनोकणांना एकत्र चिकटवते, गुठळ्या होतात आणि कणांची मारकक्षमता जाते. यासाठी जनुकांत बदल झालेला आढळला नाही. डाळिंबाच्या सालीच्या अर्काने फ्लॅजेलिनची निर्मिती रोखल्यावर कण पुन्हा परिणामकारक ठरले.

‘नॅनोकणांना जिवाणू कधीच सरावत नाहीत’ असे एखाद्या प्रबंधात किंवा जाहिरातीत दिसले, तर ते चूक आहे.

१६. म्हणजे नॅनोकण प्रतिजैविकांची जागा घेतील का?

नजीकच्या काळात शरीराच्या आत तरी घेणार नाहीत. गरज मात्र मोठी आहे. एका जागतिक अंदाजानुसार २०१९ मध्ये औषधरोधी जिवाणूंमुळे थेट १२.७ लाख मृत्यू झाले आणि ४९.५ लाख मृत्यूंशी त्यांचा संबंध होता. परंतु रक्तात सोडलेले नॅनोकण प्रथिनांनी झाकले जातात आणि त्यांतील मोठा भाग यकृत व प्लीहा गाळून घेतात.

नॅनोरचना औषधाची वाहक म्हणून अधिक आशादायक आहे. अमिकासिन हे जुने प्रतिजैविक मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरून फवाऱ्यावाटे फुप्फुसात देण्याच्या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. मायकोबॅक्टेरियम एव्हियम गटाच्या चिवट संसर्गात, इतर पर्याय थोडे उरले असताना, ते वापरतात. या पिशव्या सुमारे ३०० नॅनोमीटरच्या असल्याने प्रश्न १ मधील व्याख्येत काटेकोरपणे बसत नाहीत, पण ज्या पेशींत जिवाणू लपतात तिथपर्यंत औषध नेण्याचे काम त्या करतात. भारतात अशा औषधांच्या मूल्यमापनासाठी जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत.

१७. मोज्यांत आणि कपड्यांत चांदी घालतात. ती धुण्याच्या पाण्यातून कुठे जाते?

अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातील २००८ च्या अभ्यासात काही मोज्यांमधील चांदी मोजक्याच धुण्यांत पाण्यात उतरली, तर काहींत ती टिकून राहिली. सांडपाण्यातील गंधकामुळे तिचा मोठा भाग चांदीच्या सल्फाइडमध्ये बदलतो. हे संयुग फारच कमी विरघळते, त्यामुळे धोका घटतो. तरीही सांडपाणी शुद्धीकरणात अमोनियाचे रूपांतर करणारे उपयोगी जिवाणू चांदीला संवेदनशील असतात. घामाचा वास कमी करण्यासाठी ही चांदी खर्ची घालावी असे मला वाटत नाही. रुग्णालयातील वापराची गोष्ट वेगळी आहे.

१८. ‘९९.९ टक्के जिवाणूंचा नाश’ हा दावा कसा वाचावा?

दहा लाख जिवाणूंपैकी ९९.९ टक्के मेले, तर एक हजार उरतात. त्यानंतर चार गोष्टी पाहाव्यात: कोणता जिवाणू, किती वेळ, कोणत्या तापमानाला आणि कशाच्या तुलनेत. लेप दिलेल्या पृष्ठभागांसाठी वापरल्या जाणाऱ्या आयएसओ २२१९६ या पद्धतीत जिवाणूंचा द्रव पातळ पापुद्र्याखाली पसरवून ३५ अंश सेल्सिअसला, दमट हवेत, २४ तास ठेवतात. रुग्णालयातील दाराची मूठ कोरडी असते आणि तिला दर काही मिनिटांनी नवा हात लागतो. त्या पद्धतीत उत्तीर्ण झालेला लेप मुठीवर तेवढाच चालेल असे मानता येत नाही, आणि रोजच्या पुसण्याला तो पर्याय नव्हे.

१९. महाविद्यालयीन प्रकल्पासाठी वनस्पतीच्या अर्कापासून चांदीचे नॅनोकण बनवायचे आहेत. काय काळजी घ्यावी?

या विषयात महाराष्ट्राचे योगदान मोठे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने बुरशी वापरून चांदीचे नॅनोकण बनवले आणि २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण मिळवले. अमरावती विद्यापीठातील महेंद्र राय आणि सहकाऱ्यांचा चांदीच्या नॅनोकणांवरील २००९ चा आढावा जगभर वाचला जातो.

सिल्व्हर नायट्रेटमध्ये अर्क मिसळल्यावर द्रावण पिवळे-तपकिरी होते आणि सुमारे ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात शोषणाचे शिखर दिसते. एवढ्यावर थांबू नये. जिवाणूंवरील प्रयोगात तीन कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे नमुने, हवेतच: केवळ अर्क, केवळ सिल्व्हर नायट्रेट आणि कण वेगळे केल्यावर उरलेला द्रव. अभिक्रियेत न आलेले सिल्व्हर नायट्रेट द्रावणात उरले असेल, तर जिवाणू त्याने मेले की कणांनी, हे या कंट्रोलशिवाय कळणार नाही. रोगकारक जिवाणू पुरेशी सुरक्षाव्यवस्था नसलेल्या प्रयोगशाळेत वाढवू नयेत. ई. कोलायचे निरुपद्रवी प्रयोगशाळेतील वाण पुरते.

२०. आगर प्लेटवर (जिवाणू वाढवण्याच्या जेलीच्या तबकडीवर) कणांभोवती जिवाणू न वाढलेले वर्तुळ लहान आले. म्हणजे माझे कण निकृष्ट आहेत का?

तसा निष्कर्ष काढू नये. वर्तुळाची पद्धत प्रतिजैविकांसाठी घडवली आहे. त्यांचे लहान रेणू आगरमधून सहज पसरतात. नॅनोकण जवळजवळ पसरत नाहीत आणि सुटलेले आयन आगरमधील क्लोराइड व प्रथिनांत अडकतात. त्यामुळे वर्तुळाचा व्यास कणांची मारकक्षमता दाखवण्याऐवजी चांदी किती पसरली हे दाखवतो, आणि त्यावरून दोन नॅनोपदार्थांची तुलना करणे दिशाभूल करणारे ठरते.

त्याऐवजी द्रव माध्यमात क्रमाक्रमाने पातळ केलेल्या मात्रा घेऊन वाढ रोखणारी किमान मात्रा काढावी, आणि मग त्या नळ्यांतील द्रव प्लेटवर पसरवून उरलेल्या वसाहती मोजाव्यात. गढूळपणा यंत्राने मोजत असाल, तर कणांचा स्वतःचा रंग आकड्यात मिसळतो, म्हणून जिवाणूरहित नळीचे मोजमाप वजा करावे. प्लेटवर पसरवण्याआधी उरलेली चांदी सोडियम थायोग्लायकोलेटने निष्प्रभ करावी. ती तशीच गेली, तर जिवंत उरलेले जिवाणूही प्लेटवर वाढणार नाहीत आणि मारकक्षमता प्रत्यक्षाहून अधिक दिसेल.